पुढचा ब्रेक

अण्णा,

गेल्या महिन्यात मी ब्रेक लावायला शिकले. चव्वेचाळीस वर्षांची बाई, रोज घर ते चाकण आणि चाकण ते घर गाडी हाणणारी, आणि ब्रेक लावायला शिकले कुठे, तर डोंगरातल्या एका गावच्या शाळेच्या मैदानावर. तुम्ही असता तर हसला असतात, असं आधी लिहिणार होते. पण तुम्ही हसला नसतात, हे मला आता कळतंय, आणि म्हणूनच लिहायला बसले आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी फारशी रडले नव्हते. आपलं भांडण अर्धवट राहिलं होतं, आणि ते पुरं करायला समोर माणूसच उरलं नाही याचाच राग जास्त होता. आज ते भांडण पुन्हा काढते आहे. तुम्हाला उलट उत्तर देता येणार नाही, पण जिवंतपणी तरी तुम्ही कुठे देत होतात.

आधी तुमच्या हाताबद्दल बोलते, कारण आपल्या घरात त्याबद्दल कधी कुणी बोललंच नाही. भोसरीच्या त्या शेडमधल्या पत्रा दाबणाऱ्या प्रेसने तुमच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली, अंगठ्याजवळची, तेव्हा मी रांगत होते. म्हणजे मी तुमचा हात कायम तसाच पाहिला. बाहेर निघालात की तो खिशात जाई. लग्नाकार्यात त्यावर रुमाल. फोटोत तुम्ही नेहमी कुणाच्या तरी मागे अर्धे लपलेले. आणि स्वयंपाकघरात आई तव्यावरून भाकरी काढली की गरम असतानाच तिचे तुकडे करायची आणि मग ताटात वाढायची. तुमच्या एकट्याच्या नाही, सगळ्यांच्या. तुमचं ताट वेगळं दिसू नये म्हणून. माझा धाकटा भाऊ पहिल्यांदा मित्राकडे जेवून आला तेव्हा केवढ्या नवलाने सांगत होता, "त्यांच्यात भाकरी अख्खीच देत्यात!" आईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प बसला. तुम्ही अंगठा आणि करंगळीशेजारच्या बोटात धरलेला तुकडा कालवणात बुडवत राहिलात, जणू ऐकलंच नाही.

गाडी तुम्ही आम्हाला शिकवलीत ती गुरुवारी. गुरुवारी एमआयडीसी बंद, शेडची शटरं खाली, रस्ते मोकळे, कुत्री रस्त्याच्या मधोमध झोपलेली. पोरीला मोटारसायकल शिकवतो म्हणून चाळीत लोकांनी तुम्हाला नावं ठेवली, तुम्ही कुणाला जुमानलं नाहीत, हे मी आजही लोकांना कौतुकाने सांगते. मी पुढे, तुम्ही मागे, तुमचा डावा हात माझ्या खांद्यावर. पहिल्याच फेरीत एक कुत्रं अचानक उठलं आणि माझ्या उजव्या हाताची बोटं आपोआप पुढच्या ब्रेकवर गेली. तुम्ही मनगटावर असा फटका मारलात की डोळ्यांत पाणी आलं. "त्याला हात लावायचा न्हाई! पुढचा ब्रेक लावला की गाडी उलटती, माणूस डोक्यावर पडतं. पाय हाय ना? मग पायानं थांबव." नंतर धाकट्याची पाळी. त्याला फटका बसला नाही, माझं बघून तो आधीच शहाणा झाला होता. त्या दिवसापासून पुढचा ब्रेक आम्हा दोघांसाठी शोभेचा झाला.

मग त्याला चाकणला नोकरी लागली, त्याने स्वतःच्या पगारातून गाडी घेतली, आणि वर्षही झालं नव्हतं. भर दुपार, पहिली शिफ्ट करून तो घरी येतोय, कांद्याच्या बाजाराच्या जरा अलीकडे पुढचा कंटेनर एकाएकी थांबतो. आपण पोहोचलो तेव्हा त्याला नेलेलं होतं. रस्त्यावर गाडी आडवी पडलेली आणि तिच्या मागे टायरची एक लांबच लांब काळी रेघ. मी त्या रेघेच्या कडेने चालत गेले होते, तुम्हाला आठवत असेल. जमलेले लोक एकमेकांना दाखवत होते, "बघा राव, केवढा घासत आलाय. शंभरच्या खाली नसणार." पोलिसही तेच म्हणाले. आईने ते ऐकलं आणि पोरासाठी रडायच्या आधी ती त्याच्यावर रागावली, आणि तो राग तिने इतकी वर्षं सोडला नाही. "वारं व्हतं त्याच्या अंगात. आईबापाचा इचार न्हाई केला." तुमच्या फोटोला ती दर सणाला हार घालते. शेजारी त्याचा फोटो आहे, त्याला तिने कधी घातला नाही. मी घातला तर काढत नाही, एवढंच.

पोलिसांनी गाडी सोडली तेव्हा आपण दोघं ती कासारवाडीच्या गॅरेजवर घेऊन गेलो. तुमच्या गाडीचं सगळं बघणारे चाचा तिथे होते. त्यांनी पुढचं चाक खोललं आणि म्हणाले, "काका, पुढच्या ब्रेकचे लायनर तो एकदम नवेकोरे हैत. घासलेच न्हाईत. काढून ठेवू का? कुणाला तरी लागतील." बिचारे त्या चुराड्यातून काहीतरी कामाचं शोधत होते. मी तेवढंच ऐकलं. तुम्ही मात्र हात खिशात घातलात, शेजारच्या बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलात आणि हाका मारल्या तरी उठला नाहीत. मला वाटलं, पोराची गाडी अशी सुटी होताना बघवत नाही.

त्याच आठवड्यात तुम्ही तुमची गाडी विकलीत आणि माझ्या मागे लागलात. "बसनं जात जा." "बाईमाणसाला कशाला पायजे गाडी?" हे तुम्ही म्हणत होतात, सगळ्या चाळीच्या नाकावर टिच्चून मला गाडी शिकवणारे तुम्ही! मी ऐकलं नाही. एक दिवस सकाळी माझ्या गाडीची किल्ली सापडेना. घर उलथंपालथं केलं, शेवटी गव्हाच्या डब्यात हात घातला तर तिथे. मी आईसमोर ओरडले, "आता गाडी वाईट झाली का? तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?" तुमचा चेहरा असा उतरला, की मला वाटलं मी जिंकले. त्यानंतर तुम्ही गाडीचं नाव काढलं नाहीत. फक्त रोज सकाळी मी निघाले की दारात येऊन उभे राहायचात, मी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत. आधी मला ते रुसणं वाटलं. तुम्ही गेल्यावर ती माया वाटायला लागली. जाईपर्यंत तुम्ही तसेच दारात उभे होतात.

आता या सहलीचं सांगते. मोटारसायकलवरून डोंगरातली गावं बघायची, सात जण, सोबत एक वाटाड्या, तीन दिवस. इतकी वर्षं गाडी चालवली ती कंपनीच्या गेटापर्यंत, म्हटलं एकदा पलीकडे जाऊन बघू. बाकीची सगळी मारुंजीला भाड्याने राहणारी आयटीतली पोरंपोरी, गुडघ्यांना आणि कोपरांना जाडजूड ढाली बांधलेली. मी आपली पंजाबी ड्रेसवर जर्किन घालून. वाटाड्या चाकणच्या बाजूचाच, पूर्वी कुठल्याशा कंपनीत लाइनवर होता. निघण्याआधी तो एकेकाची गाडी तपासत होता. माझ्या पुढच्या चाकापाशी वाकला आणि म्हणाला, "ताई, ब्रेकचे पॅड आत्ता बदलले का?" म्हटलं, नाही, चार वर्षांची गाडी, जसे आले तसेच आहेत. "मग नवेकोरे कसे काय, राव?" असं म्हणून तो पुढच्या गाडीकडे गेला. जुन्नरपर्यंत तो शब्द माझ्या डोक्यातून गेला नाही. कुठे ऐकलाय ते आठवत नव्हतं.

जुन्नरच्या वर डोंगरात भाताची काढणी चालली होती. रस्ता एका वाडीतून दुसऱ्या वाडीत चढत गेला आणि दुपारनंतर उतार लागला. एका वळणावर म्हशी आडव्या आल्या. मी पाय दाबला. मागचं चाक जागच्या जागी आवळलं आणि गाडी थांबायची सोडून घासत, तिरकी होत कठड्याकडे निघाली. कठड्याला टेकून थांबली. खाली दरी होती, ती मी नंतर पाहिली. आधी मागे वळून पाहिलं, आणि डांबरावर माझ्या गाडीची रेघ होती. काळी, लांबच लांब. आणि मी जोरात नव्हते, अण्णा. सायकलवाल्याने मला मागे टाकलं असतं इतकी हळू होते.

वाटाड्या चालत माघारी आला. रागावला नाही. "ताई, तुम्ही पुढचा ब्रेक लावतच न्हाई, व्हय? कुणी शिकवलं?" म्हटलं, वडिलांनी. तो म्हणाला, "उतारावर सगळं वजन पुढं येतं. गाडी थांबवतो तो पुढचाच. मागचा एकटा नुसता घासत नेतो." खालच्या गावात शाळेचं मैदान होतं, तिथे त्याने मला उभं केलं. स्वतःची दोन बोटं वर करून दाखवली, अंगठ्याजवळची. "ही दोन कायम लिव्हरवर. हळूहळू दाबायचं, झटका न्हाई." मी माझी ती दोन बोटं लिव्हरवर ठेवली आणि मला तुमचा हात दिसला.

तुम्हाला तो ब्रेक लावताच येत नव्हता. पाय होता म्हणून पायाचं शिकवलंत. पुढचा ब्रेक लावला की गाडी उलटते असं तुम्हाला खरंच वाटत होतं की नाही, कोण जाणे. अर्धी पिंपरी अजून तसंच म्हणते. त्याबद्दल माझं भांडण नाही. माझं भांडण आहे ते गॅरेजच्या पायरीपासून पुढचं. तिथे चाचांच्या त्या 'नवेकोरे'वरून तुम्हाला कळलं होतं. म्हणून गाडी विकलीत, म्हणून किल्ली गव्हात लपवलीत, म्हणून रोज दारात उभे राहिलात. आणि मी रोज त्याच रस्त्याने, त्याच कांद्याच्या बाजारावरून, तुमचा धडा पायात घेऊन जात होते. एका वाक्याचं काम होतं, अण्णा. पोरी, पुढचा ब्रेक लावत जा. तेवढं म्हणायला हात खिशातून बाहेर काढावा लागला असता. तेही जमलं नाही? आईला धाकटा उनाड वाटत राहिला आणि तुम्ही तिच्यासमोर बसून ऐकत राहिलात? मला तुमचा इतका राग आला की मी त्या मैदानात फेऱ्या मारत राहिले, ब्रेक लावत राहिले. एका दुपारीत आलं मला. एका दुपारीत.

दिवस मावळताना तिथल्याच एका घरी जेवण होतं. ओसरीवर पंगत, चुलीचा धूर, सगळी पोरं खूश. घरच्या बाईने माझ्या ताटात भाकरी ठेवली, अख्खी, टम्म फुगलेली. मी बाहेर अख्खी भाकरी कितीदा खाल्ली आहे. त्या दिवशी हात पुढे होईना. "खा की ताई, गार व्हतीया," ती म्हणाली, मग वाकून बघत, "हाताला लागलं का काय?" मी मान हलवली. तिने काही न विचारता माझ्या भाकरीचे चार तुकडे केले आणि पुढच्या ताटाकडे गेली. मी खाली मान घालून जेवले.

घरी यायच्या आत ठरवलं होतं, आईला सगळं सांगायचं. त्याच्यावरचा तो डाग तरी जाईल. ती मेथी निवडत बसली होती. मी म्हटलं, "आई, आपला धाकटा जोरात नव्हता." तिचे हात थांबले. "कोन म्हनतं?" म्हटलं, मला कळलंय, ती रेघ हळू गाडीचीही पडते. "मंग कशानं पडला माझा ल्योक?" माझा ल्योक. इतक्या वर्षांत तिने त्याला पहिल्यांदा तसं म्हटलं होतं. तिच्या मागे भिंतीवर तुम्ही दोघं होतात, तुमच्या गळ्यात दिवाळीचा हार. उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं, अण्णा. तुमचं नाव घ्यावं लागलं असतं. मी म्हटलं, "खडी होती, आई. रस्त्यावर बारीक खडी सांडलेली होती. चाक घसरलं."

"खडी," ती म्हणाली. मग म्हणाली, "मंग त्याचा काय दोष?" आणि मेथीच्या ढिगावर वाकून इतकी रडली, की शेजारची धावत आली. दुसऱ्या दिवशी तिने मला बाजारातून दोन हार आणायला सांगितले. आता ती दूधवाल्याला सांगते, भाजीवालीला सांगते, दारात येईल त्याला सांगते, "खडी व्हती वो रस्त्यावर." खडी टाकून जाणाऱ्यांना शिव्या घालते. मी शेजारी उभी असले की तिला हवा तिथे दुजोराही देते.

हे पत्र फाडून टाकीन, ते आईच्या हाती लागता कामा नये. त्या रेघेच्या कडेने मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले होते. रस्ता कोरडा होता, लखलखीत ऊन होतं. खडी नव्हती, अण्णा. हे आता मला एकटीलाच ठाऊक आहे.