दीपगृहाचं उदाहरण

बाई, आमच्या पाचूबंदरची एक मुलगी हल्ली माझ्याकडे गणिताला येते. दहावीला आहे. मी निवृत्त झाले तरी उमेळ्याच्या घरात फळा लावून ठेवला आहे, आणि येणाऱ्या मुलांना वेळेवर यायला लावते. काल ती उंची आणि अंतरांचा सरावसंच सोडवून घेऊन आली. तुमच्या वेळी त्याला उदाहरणसंग्रह म्हणत. नाव बदललं, उदाहरणं तीच आहेत. पतंग, शिडी, मनोरा, दीपगृह. तिची उत्तरं सगळी बरोबर होती, पण जागोजाग ‘अवनत कोण’ लिहिलेलं. मी लाल शाईने प्रत्येक ण भोवती गोल केला. ती म्हणाली, “मॅडम, पानी लिहिलं तरी ओरडता, कोण लिहिलं तरी ओरडता. न कुठे आणि ण कुठे, एकदाच सांगून टाका ना!” एरवी मी हसले असते. काल तिला दहा शब्द लिहून आणायला सांगितले आणि लवकर घरी पाठवलं.

ही चूक तुमच्या ओळखीची आहे. आमच्या कोळ्यांच्या वस्तीत ण नव्हताच. शाळेत त्यावरून बोलणी बसली की आम्ही घाबरून सगळीकडे ण घालत सुटायचो. तुम्ही नंदाखालच्या. तुमची घरची बोलीसुद्धा पुस्तकातली नव्हती, म्हणून असेल, तुम्ही आम्हाला कधी हसला नाहीत. नववीत तुम्ही फळ्यावर ‘काटकोन त्रिकोण’ असं लिहिलंत आणि म्हणालात, “एकाच आकृतीत एक न आणि एक ण. हे मी केलेलं नाही, मराठीने केलंय. पाठ करा.” मागच्या बाकावरून एक जण ओरडला, “बाई, मंग चौकोन कोनाचा?” सगळा वर्ग हसला. “चौकोन न-चा,” तुम्ही म्हणालात, “आणि तू तास संपेपर्यंत उभा.” मग फळ्याकडे तोंड करून तुम्हीही हसलात. तुमचे खांदे हलताना मी पाहिले.

दहावीच्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर वादळ झालं आणि माझ्या वडिलांची होडी परत आली नाही. बाकीच्या एकेक करून आल्या. आय रोज धक्क्यावर जायची. लांबवर शीड दिसलं की पदर खोचून पाण्याच्या कडेला उतरायची आणि हाक घालायची, “कोन हाय? कोन हाय रं?” होडीवरचा माणूस आपलं नाव सांगायचा. ती “बरं” म्हणायची आणि परत वर येऊन बसायची. नाव सांगताना त्या माणसांची मान खाली जायची, जणू आपण परत आलो हा त्यांचाच गुन्हा. मी शाळेत जात राहिले. घरात बसवत नव्हतं.

त्रिकोणमिती दिवाळीनंतर सुरू झाली. तुम्ही पतंगाचं उदाहरण घेतलंत, शिडीचं घेतलंत, आणि दीपगृहाचं सोडून पुढच्या झाडावर गेलात. दीपगृहावरून एक जहाज अमुक अवनत कोनात दिसते, तर ते दीपगृहापासून किती अंतरावर आहे? सगळ्या वर्गाला कळलं की ते कोणासाठी सोडलं. पोरी वह्यांत माना घालून बसल्या. मला त्यांचा राग आला, तुमचाही आला. मी उभी राहिले. “बाई, एक राहिलं.”

“ते नको.”

“का नको?”

“खाली बस,” तुम्ही इतक्या जोरात म्हणालात की शेजारच्या वर्गातले सर दारात डोकावून गेले.

शाळा सुटल्यावर तुम्ही मला थांबवलंत. रिकाम्या वर्गात माझ्या हातात खडू दिलात. “घे. कर.” मी उभी रेघ ओढली, आडवी ओढली, टोकाला जहाज काढलं, शेजारी ‘अवनत कोण’ लिहिलं. साठ अंशांचा टॅन, वर्गमुळात तीन, उत्तर आलं. तुम्ही ‘कोण’मधला ण बोटाने पुसलात आणि तिथे ‘न’ लिहिलात. “कोण हा प्रश्न असतो. कोन मोजता येतो.” मी म्हटलं, “आमच्यात दोन्ही एकच.” मग मी विचारलं, “बाई, दीपगृहाची उंची माहीत आहे, पण जहाज दिसतच नाही. मग?”

‘येतील गं’ म्हणणारी माणसं मी ऐकली होती. ‘गेला तो’ म्हणणारीही. तुम्ही यातलं काही म्हटलं नाहीत. “मग उदाहरण सुटत नाही,” तुम्ही म्हणालात. “उत्तरात लिहायचं, माहिती अपुरी आहे. ते चूक धरत नाहीत.” आणि मला सोबत घेऊन फाट्यापर्यंत चालत आलात. वाटेत तुम्ही माझं दप्तर घेतलंत. मी ते परत मागितलं नाही, आणि ही गोष्ट माझ्या स्वभावात बसणारी नाही.

त्याच आठवड्यात माझी आत्या घरी आली. सोबत शेजारच्या दोन म्हाताऱ्या. आत्या उंबऱ्यातूनच म्हणाली, “किती दीस बसशील अशी? भाऊ माजा होता, मला नाय वाटत? उतर त्या बांगड्या. लोकं नावं ठेवतान.” आयच्या हातात हिरवा चुडा कोपराकडे सरकलेला, हात सुकले होते तिचे. तिने आत्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे वळली. मी तुम्हाला विचारलंय, एवढं तिला ठाऊक होतं.

“तुज्या बाय काय बोलल्या?”

“माहिती अपुरी हाय, बोलल्या.”

“म्हंजे?”

“म्हंजे सांगता येत नाय.”

आय आत्याला म्हणाली, “येवढ्या शिकलेल्या बायला सांगता येत नाय, मंग तुला कसं गो सांगता येतं?” म्हाताऱ्या तोंडाला पदर लावून उठल्या. त्या दिवसापासून आयच्या बांगड्यांचा विषय कोणी काढला नाही. पिचल्या की ती नवा चुडा भरायची, हिरवाच. लग्नकार्यात कोणी तिला हळदीकुंकू लावायचं, कोणी ताट घेऊन पुढे निघून जायचं. दोन्ही ती सारख्याच चेहऱ्याने घ्यायची.

तुमच्या मयताला मी नंदाखालला आले होते. चर्चमध्ये मिस्सा चालू असताना शेवटच्या बाकावर बसले आणि कोणाशी न बोलता निघाले. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आय गेली. आंघोळ घालणाऱ्या बायकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “बांगड्या काढायच्या का ठेवायच्या? तूच सांग.” मी “ठेवा” म्हटलं. जन्मभर पोरांना सांगत आले की दिलेलं सगळं वापरून झाल्याशिवाय माहिती अपुरी म्हणू नका. आमच्या उदाहरणातही बरंच दिलेलं होतं. आमच्या होडीची रंगवलेली एक फळी अर्नाळ्याच्या किनाऱ्याला लागली होती. काकांनी ती ओळखली आणि कोणाला न दाखवता तिथेच ठेवून आले. नंदाखालहून अर्नाळा असा कितीसा लांब? तुमच्या कानावर आलंच असणार. आयला कोणी सांगितलं का, मला माहीत नाही. न सांगताही माणसाला कळतं.

तुम्हाला दोष द्यावा म्हणून हे लिहीत नाही. द्यायचा असता तर तुम्ही होतात तेव्हा समोर येऊन दिला असता, तुम्ही मला ओळखता. हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून एवढं लिहिते. काका फळीबद्दल आत्याला सांगत होते तेव्हा मी दाराआड होते. तुम्ही माझ्या हातात खडू दिलात, त्याच्या आदल्या दिवशीची ही गोष्ट.