धुक्यात वाजवलेली घंटा

नोएडा, २८ ऑक्टोबर १९९६

ती. सौ. आईस कुमुदचा साष्टांग नमस्कार.

मेतकूट, आमसुलं आणि लोकरी मोजे पोचले. टपालाला बावीस रुपये घातलेस, तेवढ्यात इथे दोन दिवसांची भाजी येते!

फ्लॅटचा ताबा मिळाला, म्हणून गढवालात देवीचा नवस फेडून आलो. यांचे गुडघे दुखत होते, त्यामुळे डोंगरावरच्या देवळात मी एकटीच गेले. उतरताना धुकं आलं आणि वाट चुकले. घाबरू नकोस, चुकल्यावर पुढे एक पाऊल टाकलं नाही. खडकाच्या आडोशाला बसले, शाल गुंडाळली, दशमी पुरवून खाल्ली आणि पूजेची घंटा वाजवत राहिले. हाका मारून घसा बसतो, घंटेचा बसत नाही.

दिवस कलता कलता एक मेंढपाळ आला आणि मागच्याला ओरडला, "अरे, बकरी नहीं, माताजी हैं!"

मी म्हटलं, "भैया, बकरी समझके ही ले चलो."

पायाची दोन बोटं अजून बधिर आहेत, पण घरातली कामं होतात.

बाबांचं ब्लडप्रेशर कसं आहे? त्यांना हे पत्र शेवटाकडून वाचून दाखव.

देवीला पुन्हा जायचं मनात आहे. हे म्हणतात, एकटीने नाही. तुझं मत उलट टपाली कळव. तू हो म्हणालीस, की हे बोलायचे नाहीत.

तुझी,
कुमुद