पंगतीचं बोलावणं

एकोडी,
१२ फेब्रुवारी १९८४

प्रिय जागेश्वर,

अनेक आशीर्वाद. सूनबाईला आणि पोरांना माझी आठवण सांग. पोळ्याला तू न जेवता भिलाईला परत गेलास तो गेलासच. दिवाळी गेली, गावच्या मंडईची जत्रा झाली, तुझी दोन ओळींची चिठ्ठी नाही. बापाला आश्रमात टाकलं म्हणून आईशी अबोला धरलास. धर बापू, हा हट्ट कुणाच्या घरचा आहे ते मला चांगलं ठाऊक आहे. पण बोलायचं नसलं तरी वाचायला काही हरकत नाही, म्हणून लिहिते. फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड.

बाबा मला ओळखत नाहीत, एवढंच मी तुला तेव्हा सांगितलं. पुढचं सांगायची लाज वाटली. मागच्या होळीपासून त्यांनी माझ्या हातचं खाणंच सोडलं. ताट ठेवलं की हात जोडायचे. "तू कोनाची वो बाई? आपल्या घरी जाय ना. माही बायको माहेरी आसगावले गेली हाये, ते आली तं काय म्हनन?" इतकी वर्षं संसार केला आणि माझ्याच धाकानं मला घराबाहेर काढत होते! मी आत निजले की हे ओसरीवर, परक्या बाईबरोबर एका घरात कसं निजायचं म्हणून. मी हसू की रडू? असा नवरा किती बायकांच्या नशिबी येतो सांग. पण इमानानं पोट भरत नाही. गालफडं बसली, सदरा खांद्यावरून घसरायला लागला. शेजारच्या धुरपताच्या हाती ताट पाठवलं तर दोन दिवस खाल्लं, मग "लोकायच्या घरचं किती खाऊ?" म्हणून तेही परत. साकोलीचे डॉक्टर म्हणाले, हा विसर आता वाढतच जाणार, पोटात अन्न जाईल तेवढं पाहा.

वैशाखात आपल्या गल्लीतल्या हिरालालच्या मुलीचं लग्न होतं. मी त्यांना धरून नेलं आणि पंगतीत बसवलं. लहानपणापासूनच्या सवयीनं त्यांनी घरून आपला पितळी लोटा आणला होता, तो पत्रावळीच्या उजवीकडे ठेवला, मांडी घातली. वाढणाऱ्यांत मीही होते. वरणाची बादली घेऊन त्यांच्यासमोर वाकले. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "वाढ वो बाई, भातावर वाढ." तीनदा भात घेतला, वांग्याची भाजी मागून घेतली. पंगतीत वाढणारी कोण, कुणाची, हे कोण विचारतं? तिथं माझा हात त्यांना चालला. मी बादली घेऊन सांदीत गेले आणि पदर तोंडात कोंबून रडले.

पण रोज रोज लग्न कुठून आणू? मग मी घरीच पंगत मांडली. हसू नकोस. धुरपता, तिचा नवरा, तिची पोरं आणि हिरालाल, सगळ्यांना ओसरीवर ओळीनं बसवायचं आणि मधे हे. जेवायचे रे. पोट भरून जेवायचे. गावानं साथ दिली, पण धानाचे रोवणे लागले तशी माणसं शेतात, बांध्यांत गेली. दुपारी ओसरीवर बसायला माणूस मिळेना आणि यांनी पुन्हा ताट सारलं. त्यातच एक दिवस मी विहिरीवर गेले तेवढ्यात हे निघाले, बायकोला आणायला. तलावाखालच्या बांधीत कमरेइतके गाळात रुतले होते. गड्यांनी पाहिलं म्हणून वाचले. मी हात धरून ओढत होते आणि हे मलाच विनवत होते, "मले सोड वो बाई, बायकोले आनाले जाऊन राहिलो." त्या दिवशी मी ठरवलं. कुणी सांगितलं नाही, कुणी भरीला घातलं नाही, मीच ठरवलं.

भंडाऱ्याच्या बाहेर नदीकाठी केशवराव आणि सुशीलाबाई हे नवरा-बायको आश्रम चालवतात. असे विसरलेले आठ-दहा म्हातारे तिथं आहेत. फाटक बंद असतं, पण आत मोठी बाग आहे, हिंडायला मोकळीक आहे. मी आधी एकटी जाऊन पाहून आले. दोन्ही वेळा सगळे एका ओळीत जेवतात हे दिसलं आणि मी तिथंच खाली बसले. नेण्याच्या दिवशी यांना सांगितलं, भंडाऱ्याला पंगतीचं बोलावणं आहे. धुतलेलं धोतर नेसले, टोपी घातली, लोटा घेऊन एस.टी.त बसले आणि वाटभर मला म्हणत होते, "एवढा उशीर काहून केला? पंगत उठन ना तिकडं." लोक म्हणाले, बाई मोकळी झाली. झालेच मी मोकळी. खोटं कशाला सांगू? त्या रात्री मी पोटभर जेवले आणि उजाडेपर्यंत निजले. माणूस जेवून निजलाय हे ठाऊक असलं की झोप लागते रे.

आता दर रविवारी मी जाते आणि पंगतीत वाढते. त्यांच्या अंगावर मांस चढलंय. मला म्हणतात, "बाई, वरन बरं हाये, पन माह्या बायकोच्या हातचं खाऊन पाय एकडाव." मी म्हणते, पाहीन.

आज तिथूनच आले आणि लगेच लिहायला बसले. आश्रमात गेल्यापासून हे पंगतीत आपल्या बाजूची जागा कुणाला देत नाहीत. मला वाटायचं, म्हाताऱ्याचा हेका. आज नवीन आलेले एक गृहस्थ तिथं बसायला गेले, तर यांनी आपला लोटा उचलून त्या जागेवर ठेवला आणि म्हणाले, "इथं बसू नोका, पोरगा हात धुवाले गेला हाये. जागेश्वर. येतेच आता." सुशीलाबाई म्हणाल्या, रोज दोन्ही वेळा हेच सांगतात. माझं नाव कधी काढलं नाही रे त्यांनी, तुझं काढलं. म्हणून हे पत्र. त्यांच्या मनातला तू सात-आठ वर्षांचा असशील, आता तुझ्या मिशा पिकायला लागल्यात. तू जाऊन बसलास तर कदाचित उठवतील. उठवलं तर वाईट वाटून घेऊ नकोस. मुकाट्यानं ऊठ, वरणाची बादली घे आणि त्यांच्यासमोर वाक. वाढणाऱ्याला ते काही विचारत नाहीत. पण नाही उठवलं तर? म्हणून येताना तुझा लोटा घेऊन ये.

तुझीच,
आई