हौदातली मासळी

आबा, आपल्या तळ्यातली मासळी परवा सकाळी सगळी मरून वर आली. चिलापी, कटला, अहो चिखलात तग धरणारी मरळसुद्धा! वास पार चाकणच्या रस्त्यापर्यंत येतोय. काका गुडघाभर पाण्यात उभे राहून पाट्या भरत होते, विकायला नाही, पुरायला. मला बघून म्हणाले, "तू कंपनीत पाण्याचंच काम करतोस न्हवं? मग सांग, हे तुमचं पाणी हाय का?" मी फट्कन म्हणालो, "न्हाई काका. आमच्या हौदात मासे जित्ते हायेत. या की बघायला." जीभ कशी झडली नाही माझी, कोण जाणे.

मी सहावीत असताना तरंगणारा एक कटला हळूच पाटीत टाकला होता. भला मोठा होता हो, मोह झाला. तुम्ही सगळ्यांदेखत कानाखाली दिलीत. "जाळ्यात फडफडला तोच आपला. तरंगणारा कशानं मेला, तुला ठावं हाय? लोक पोराबाळांना खायला घालत्यात!" मग अख्खी पाटी उलटी करून एकेक मासा हुंगून बघितलात. त्या दिवशीचा बाजार बुडाला.

आणि मी कंपनीत लागलो तेव्हा तुम्हीच बादलीभर चिलापीची पिल्लं घेऊन गेटवर आलात. मी तुम्हाला सांगितलेलं होतं की साफ केलेलं सांडपाणी शेवटच्या हौदात येतं, तिथे मासे सोडतात, मासे जगले म्हणजे पाणी चांगलं. ही पद्धत तुम्हाला भारी आवडलेली. वॉचमनला म्हणालात, "माझं पोरगं पाणी धुतंय." काय तो रुबाब! पुढे दर रविवारी जेवताना तुमचा एकच प्रश्न, "माझी मासळी कशी हाय?" जायच्या आदल्या दिवशी दवाखान्यातल्या खाटेवरही तेच विचारलंत. मी म्हणायचो, "मजेत आहे, आबा."

आबा, ती पिल्लं आठवड्यात मेली होती. मी घाबरून साहेबांकडे गेलो, तर ते हसले. "टेन्शन काय घेतोस, राव? हौदाचा पाइप बंद कर, बोअरचं पाणी सोड. तपासणीला मासे दिसले, बास." तुम्ही बाजारात गेलेले असताना मी तळ्यातूनच दुसरी पिल्लं नेली. तेव्हापासून हौदात बोअरचं पाणी आहे. कंपनीचं पाणी मागच्या ओढ्यात जातं, यंदा पाऊस नाही म्हणून ओढ्यात नुसतं तेच वाहतंय, आणि तो ओढा कुठे उतरतो, हे तुम्हाला मी काय सांगू! घरी हप्ते होते, पोरीची शाळा होती, अशी कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली. मला लाज वाटते, आबा.

आज काका खरंच आले. हौदाशी वाकून बराच वेळ बघत राहिले. मी पिठाच्या गोळ्या टाकल्या तशी मासळी उसळली. काकांनी डोळे पुसले. म्हणाले, "चुकलो पोरा, तुझ्यावर उगाच संशय घेतला. ही आबाचीच हायती न्हवं? थोडी दे. तळ्यात परत सोडतो." त्यांनी घरून बादली आणली होती.

हे पत्र माझ्या लॉकरमध्येच राहील. नाहीतरी तुम्हाला एवढंच सांगायचं होतं की मासळीसकट बादली मी भरून दिली. बोअरच्या पाण्यानं.