बाहेरून लावलेली कडी

बाबा, आपल्या स्वयंपाकघरात चुलीच्या धुराने तपकिरी झालेले एक चित्र होते. परदेशातून आलेल्या एका फादरांनी तुम्हाला दिलेले. अमेरिकेच्या ओसाड सीमेवर स्पॅनिश धर्मगुरूंनी उभारलेले मिशन: कच्च्या विटांच्या जाड भिंती, त्यांवर चुन्याची सफेदी, कमानींची लांब पडवी आणि उंच कोनाड्यात टांगलेली घंटा. जेवताना तुम्ही त्याकडे बोट दाखवून सांगत असा की, तिथे उठणे, प्रार्थना, मक्याची पेज, शेत, माग, सारे त्या घंटेवर चाले. आणि शिस्त असली की मातीचेही देऊळ उभे राहते. मी मान डोलावीत असे. ताई मान खाली घालून भाकरी मोडीत असे.

वसईच्या त्या घरात संध्याप्रार्थनेची घंटा झाली की तुम्ही ताईच्या खोलीला बाहेरून कडी लावता, कुलूप घालता आणि किल्ली उशाखाली ठेवता. ती दाराआडून म्हणते, ‘‘बाबा, कडी नको ना लावू.’’ तुम्ही शांतपणे सांगता, ‘‘वडिलांना ‘लावू नका’ म्हणावे.’’ ती वाक्य सुधारून पुन्हा म्हणते. कडी तशीच राहते. आईने एकदा विचारले, ‘‘पोरीने केलंय तरी काय?’’ तुमचे उत्तर मला अक्षरशः आठवते: ‘‘काही नाही. पण त्याशिवाय मला झोप लागत नाही.’’ पुढे तिला परिचारिका व्हायचे होते. रात्रपाळी असते, एवढ्याच कारणाने तुम्ही नकार दिलात. तिचे लग्नही झाले नाही. तुम्ही गेल्यावर मी तिला इकडे, मिसिसागाला, माझ्या घरी आणले.

मागच्या थंडीत मी तिला टोरोंटोच्या एका संग्रहालयात नेले. तिथे तुमचे मिशन होते. काचेखाली ठेवलेली लाकडी प्रतिकृती, आतले सगळे दिसावे म्हणून छप्पर काढलेली. देऊळ, भटारखाना, कातडी कमावण्याचे हौद. एका कोपऱ्यात, खूप उंचावर झरोका असलेली अरुंद खोली. माहिती सांगणारी मुलगी इंग्रजीत म्हणाली की, तिथल्या मूळ रहिवाशांच्या अविवाहित मुलींना संध्याकाळी या खोलीत कोंडत आणि किल्ली धर्मगुरूंकडे जाई. मी ताईसाठी मराठी केले. तुमच्या चित्रात ही खोली नव्हती, बाबा. की तुम्हाला ती ठाऊक होती? ताई काचेवर वाकली आणि हसली. ‘‘अरे भाऊ, ही तर माझीच खोली! आपली कडी मात्र जाड होती हो.’’ ती मुलगीही हसली, काहीही न कळता.

अलीकडे ताई विसरते. माझे नाव विसरते, कडी विसरत नाही. फेब्रुवारीत ती पहाटे घरातल्या चपलांवर बाहेर पडली आणि बसस्टॉपवर सापडली. ड्यूटीला उशीर होतोय, असे ड्रायव्हरला मराठीत सांगत होती. माझी मुलगी रडकुंडीला आली. ‘‘पप्पा, आत्या पुन्हा अशी गेली तर शी विल फ्रीझ. वृद्धांच्या त्या होममध्ये सिक्युअर विंग आहे. तुम्ही हो म्हटल्याशिवाय ते घेणार नाहीत.’’ मी विचारले, ‘‘सिक्युअर म्हणजे काय, ते नीट मराठीत सांग.’’ तिला सांगता आले नाही. मला येत होते.

मी तीन आठवडे नाही म्हणालो. मग ती दुसऱ्यांदा बाहेर पडली आणि बर्फात कोसळली.

होममधली खोली स्वच्छ आहे, खिडकी मोठी आहे, माणसे मृदू बोलतात. दाराला कडी नाही. बाहेरच्या भिंतीवर आकडे दाबून दार उघडायची पेटी आहे. मी निघालो तेव्हा ताई माझा कोट धरून म्हणाली, ‘‘बाबा, कडी लावू नका.’’ वाक्य बिनचूक होते. मी तुमचा मुलगा आहे, तुम्ही नव्हे; तरी तिची बोटे मी कोटावरून सोडवली आणि दार ओढून घेतले.

हे पत्र कुठे पाठवायचे नाही, म्हणून शेवटचे तेवढे लिहितो. तुमच्यावरचा राग मी साठ वर्षे जपला, आजही जपतो. मिशनाच्या त्या पांढऱ्या भिंतींसकट. पण परवा घरी परतल्यावर, कित्येक महिन्यांनंतर, मला गाढ झोप लागली.