शुक्रवारची टीम

२० जानेवारी, सोमवार
रविवारपासून हर्लिंगची, म्हणजे आमच्या आयरिश काठी-चेंडूच्या खेळाची लीग. काउंटीचा मॅनेजर म्हणून माझं पहिलंच वर्ष. अध्यक्ष मॅलकी टूही म्हणाले, वर जाण्याचं राहू दे, आहे त्या डिव्हिजनमधून खाली घसरू नकोस म्हणजे मिळवली. काही माणसांची स्वप्नंच लहान.
संकल्प : मैदानाच्या कडेला उभं राहून शिव्या द्यायच्या नाहीत. मॅचच्या दिवशी एकच सॉसेज रोल.

२४ जानेवारी, शुक्रवार
पेपरला टीम दिली. अर्थात खोटी. शुक्रवारी छापायची एक आणि रविवारी उतरवायची दुसरी, हे सगळेच मॅनेजर करतात. पण ते एखाददुसरं नाव बदलतात. मी सहा बदलली. फीअक्रा आमचा सगळ्यात तगडा फॉरवर्ड. त्यालाच वगळला. समोरचे गाफील राहतील.

२६ जानेवारी, रविवार
हरलो. अकरा पॉइंटनी. समोरचे गाफील नव्हते.
गाड्यांपाशी फीअक्राची आई भेटली. पेपर वाचून दोन दिवस जेवली नव्हती म्हणे. ही रणनीती होती, असं समजावलं. आम्हाला सांगायला काय धाड भरली होती, म्हणाली. रणनीती आयांना सांगायची नसते.
तसा लीगला काही अर्थ नसतो. खरी स्पर्धा उन्हाळ्यात.

९ फेब्रुवारी, रविवार
हरलो. पण नऊनेच. सॉसेज रोल दोन (पाऊस होता).
यादी इतकी चोख जमली की आमच्याच गोलकीपरने ती खरी मानली आणि भाच्याच्या बाप्तिस्म्याला गेला. पुढच्या वेळेपासून पंधराही नावं खोटी, म्हणून मुलांना नियम घालून दिला : पेपरात नाव दिसलं तर घरी बसा, नसलं तर काठी घेऊन या. दोघांनी पुन्हा समजावून घेतलं.

२३ फेब्रुवारी, रविवार
जिंकलो. यादीचा विजय. समोरच्यांची बस चिखलात रुतली होती म्हणून जिंकलो, असं माझ्या बायकोचं, डर्व्हलाचं मत. ती स्वतः काउंटीकडून नऊ वर्षं खेळलेली आहे, पण मॅनेजरची नजर वेगळी.

७ मार्च, शुक्रवार
परवा शेवटची मॅच. जिंकलो तर टिकलो, हरलो तर खाली. मॅलकीचा फोन : ही हातची गेली तर कमिटीपुढे माझंही काही चालणार नाही.
माझी यादी खोटी असते हे आता गावोगाव माहीत. म्हणून या वेळी खरी छापली. पंधराच्या पंधरा. समोरचे चक्रावतील. कोणालाच बोललो नाही, खेळाडूंनासुद्धा. गुपित फुटतं ते आतूनच.

९ मार्च, रविवार
बाकीचे सवयीने आले. फीअक्रा नाही. फोन केला. तो गोठ्यात, मेंढी अडलेली. आईने फोन त्याच्या कानाला धरला. "नाव छापलंत ना बॉस? मग मी घरी. नियम तुमचाच."
या वेळी खरं होतं, म्हटलं.
"मग तसं सांगायचं."
सांगितलं असतं तर समोरच्यांना कळलं असतं.
"आणि मला?"
राष्ट्रगीत सुरू झालं, फोन ठेवावा लागला.
तो पोचला तेव्हा आठ मिनिटं उरली होती. शर्टाला पेंढा. चार पॉइंट मारले. दोनने हरलो. मेंढीचं नियोजन चुकलं.
हात मिळवताना त्यांच्या मॅनेजरला विचारलं, यादीने गोंधळात पडलात ना? म्हणाला, आमच्याकडे तो पेपर येत नाही.
सॉसेज रोल मोजले नाहीत.

१४ मार्च, शुक्रवार
डर्व्हलाने नाश्त्याला पेपर वाचून दाखवला. कमिटीने नवा मॅनेजर नेमला म्हणे. नाव, फोटो, सगळं. मी हसलो. शुक्रवारी छापलेल्या नावावर कोण विश्वास ठेवतो? मॅलकी शिकला म्हणायचा माझ्याकडून.
"काउंटीचं जॅकेट धुतलंय," ती म्हणाली. "सहाला येतोय नवा मॅनेजर, न्यायला."
आला. दारातच घालून बघितलं.
त्याला खांद्यात सैल होतं. नोंद असावी.