सामानाची खुर्ची

१४ नोव्हेंबर १९९४, सोमवार. बरकतपुरा, हैदराबाद.
सहाला उठलो. आंघोळ. पेन्शनसाठी बँक. दहीभात. झोप.
शेजाऱ्यांच्या फोनवर बीदरहून जुना मित्र हणमंतरावचा एसटीडी आला. सत्तावीसला, रविवारी, आबिड्सला पुण्याच्या कंपनीचं संगीत नाटक आहे. तो आणि एकनाथराव सकाळच्या बसने येणार, संध्याकाळी परत जाणार. 'तिकिटं तू काढ, नाही म्हणू नकोस,' म्हणाला.
मला गाण्यातलं काही कळत नाही. बायकोला, कमलला, कळायचं. आमच्याकडे बायकांनी थिएटरात ओरडायची पद्धत नव्हती. पद आवडलं की ती माझ्या डाव्या दंडाला कोपर मारायची आणि मी 'वन्स मोअर' ओरडायचो. त्यामुळे इथली मराठी मंडळी मला दर्दी समजतात.
ती आषाढात गेली. माझं सगळं नॉर्मल आहे.

१६ नोव्हेंबर
पहाटे स्वयंपाकघरात बांगड्यांचा आवाज. वरच्या प्रतापरावांचा केबल टीव्ही असणार.
नंतर आठवलं, ते तिरुपतीला गेलेत. म्हणजे उंदीर. पिंजरा आणणे.

१९ नोव्हेंबर
आबिड्सला जाऊन चार तिकिटं काढली. आम्ही तिघंच, पण बाहेरगावच्या माणसांजवळ पिशव्या असतात. सामानाला एक खुर्ची हवी. ती माझ्या डावीकडे. उजवा खांदा दुखतो, पिशवी डाव्या हाताने उचलणं सोपं.
पिंजऱ्यात काही नाही. आवाज मात्र पुन्हा आला. उंदीर हुशार आहे.

२६ नोव्हेंबर
उद्याचा कार्यक्रम: सालारजंग म्युझियम, हलकं जेवण, तीनला नाटक. कमलचा विषय काढायचा नाही. वन्स मोअर स्वतःच्या अकलेने द्यायचा.
रेडिओ लावून थोडा सराव केला. तिसऱ्या वेळी प्रतापराव खाली आले आणि तब्येत बरी आहे ना, असं विचारून गेले.

२७ नोव्हेंबर, संध्याकाळ
बस उशिरा आली. सालारजंग राहिलं. हलकं जेवण राहिलं, कारण एकनाथरावला बिर्याणी हवी होती. ऑटोवाला म्हणाला, 'इत्ती धूप में ड्रामा, साब? घर में केबल नै है क्या?' हणमंतराव म्हणाला, 'हौ, तेच मी पण म्हणतो!'
सामान म्हणजे एकच पिशवी निघाली. डाव्या खुर्चीत ठेवली.
पहिल्या अंकात नायिकेचं मोठं पद झालं. सगळं थिएटर वन्स मोअर ओरडत होतं. मी थांबलो. घाई कशाला? डावा हात खुर्चीच्या दांडीवर मोकळा ठेवला होता. पद दुसऱ्यांदा झालं, संपलं.
मध्यंतरानंतर एकनाथराव आला, पुढे उंच माणूस बसलाय म्हणाला आणि पिशवी खाली ठेवून डावीकडे बसला. मी नको म्हणालो. 'अरे, पिशवीला नाटक कळतं का?' म्हणाला.
तिसरा अंक. दंडावर कोपर. नेमकं तिथेच, वरच्या बाजूला, हळूच.
मी उभा राहून ओरडलो. रेडिओपेक्षा मोठ्याने.
गाणं चाललेलंच नव्हतं. एक शिपाई येऊन म्हणाला होता, 'महाराज, सेनापती पडले.' शिपाई नवीन असावा. तो गोंधळून विंगेत गेला, पुन्हा आला आणि म्हणाला, 'महाराज, सेनापती पडले.' महाराजही हसले.
मी डावीकडे पाहिलं. एकनाथराव झोपला होता. तोंड उघडं, कोपर माझ्या दंडावर.
'नरहर, सेनापतीला दोनदा मारलंस की रे,' असं हणमंतराव बसस्टँडपर्यंत म्हणत होता. बसमध्ये चढताना मात्र हसला नाही. 'आज वहिनी असत्या तर...' म्हणाला. मी म्हणालो, बस सुटते आहे.

२८ नोव्हेंबर
लवकर जाग आली. पडून राहिलो. उजाडेपर्यंत घरात कसलाही आवाज नाही.
कोपर एकनाथरावचं होतं, हे पक्कं झालं. म्हणजे आधीचंही सगळं असंच काहीतरी असणार. उंदीर नाहीतर नळाचा पाइप. प्रत्येक गोष्टीला कारण सापडलं. समाधान वाटलं. तसा मी पहिल्यापासून या गोष्टी मानत नाही.
कालचा शर्ट भिजवला. घासला, पिळला. गच्चीवर जाऊन दोरीवर टाकला आणि दोन्ही बाह्या ओढून सरळ केल्या.